जेरुसलेम, रात्रीचे अकरा

पाय जाम दुखतायत पण झोप काही येत नाहीये, म्हणून लिहायलाच बसले. आज क्रूसाची वाट केली, खरी, व्हिया डोलोरोसावरून, म्हणजे येशू क्रूस घेऊन चालला असं मानतात त्या रस्त्यावरून. लहानपणापासून उपवासकाळात चर्चच्या भिंतीवरच्या चित्रांसमोर थांबत थांबत केलेली ती भक्ती, आणि इथे ती वाट चक्क बाजारातून जाते, दोन्हीकडे दुकानं, मालाच्या गाड्या ढकलणारी पोरं, आणि मध्येच भिंतीवर रोमन आकडा, की हे पाचवं स्थान, इथे कुरेनेकर शिमोनाने क्रूस उचलला. आई त्या गर्दीतही प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकायला बघत होती. मी नाही अडवलं.

शेवटची पाच स्थानं पवित्र कबरीच्या, म्हणजे येशूची कबर आहे त्या चर्चच्या आतच आहेत. दारातून शिरलं की समोर जमिनीवर लालसर दगडाची लांब शिळा, येशूचा देह क्रूसावरून उतरवून लेपन केलं ती जागा. आत्ताची शिळा १८१० ची आहे, हे मला माहीत होतं, तरी हात टेकवल्यावर काही सुचेना. शेजारी एक बाई बाटलीतलं सुगंधी तेल ओतून रुमालाने पुसून घेत होती, रुमाल नीट घडी करून पिशवीत, मग दुसरा रुमाल, घरच्या प्रत्येकासाठी एक असणार. तिची भाषा मला कळत नव्हती पण रडणं कळलं. तिने न विचारताच आईच्या जपमाळेला तेल लावून दिलं.

मग उजवीकडच्या उभ्या जिन्याने वर गोलगोथा, येशूला क्रूसावर दिलं ती जागा. वेदीखाली वाकून एका भोकातून हात घालायचा, आत खडक लागतो. गार, खडबडीत. एवढंच. पण आजचा सगळा दिवस माझ्यासाठी तिथे आहे.

मला वाटायचं अशा जागी शांतता हवी. इथे ग्रीक, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन, इथिओपियन असे सहा पंथ आहेत, कोणाची घंटा, कोणाचं गाणं, सगळं एकात एक. कुठला कोपरा कोणाचा, कोणी कधी झाडायचं यावरून भांडणं झालीत, म्हणून १८५२ च्या ऑटोमन सुलतानाच्या फर्मानाप्रमाणे जे जसं आहे ते तसंच ठेवायचं, दारावरच्या खिडकीखालची लाकडी शिडीसुद्धा अठराव्या शतकापासून तिथेच आहे! आणि दाराची चावी पिढ्यानपिढ्या एका मुस्लिम घराण्याकडे, दार उघडायचा मान दुसऱ्या मुस्लिम घराण्याचा. हे ऐकून आई म्हणाली, बरंच आहे की, दार तरी सगळ्यांसाठी उघडतं. मला पण तसंच वाटलं, आणि तो गोंगाट मग खुपेनासा झाला.

कबरीच्या रांगेत खूप वेळ गेला, आत जेमतेम काही क्षण मिळाले, पाठ केलेली प्रार्थना आठवलीच नाही, नुसती नावं घेतली सगळ्यांची.

उद्या बेथलेहेम. तिथल्या येशूजन्माच्या चर्चचं दार इतकं बुटकं आहे की वाकूनच आत जावं लागतं, आईच्या कमरेचं बघायला हवं. चेकपोस्ट लागतं म्हणून दोघींचे पासपोर्ट आत्ताच पर्समध्ये टाकलेत.