खाडीकडे तोंड, उन्हाकडेही

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला कुणीतरी 'निसर्ग शिक्षण केंद्र' हा विषय घेतंच. यंदा माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीने नवी मुंबईतल्या ऐरोलीची खाडी धरली. विषय झकास. तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये घोषित झालं, 2022 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, आणि वनखात्याच्या कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्षाचं केंद्र ऐरोलीत आहेच, त्यामुळे प्रत्यक्ष बघायलाही लांब जायला नको.

मॉडेल देखणं होतं. खाडीकडे सलग काच, छतावर हिरवळ, सोलर पॅनल. मी विचारलं, "उत्तर कुठंय?" ऐरोलीहून खाडी पश्चिमेला. म्हणजे पक्षी जिकडे, दुपारनंतरचं ऊन तिकडूनच आणि जूनपासूनची झडही तिकडूनच. त्या काचेमागे मार्चमध्ये पोरं भाजून निघणार. मग एसी येणार, आणि सोलरची वीज त्यालाच पुरायची नाही. शिवाय काचेत आभाळ दिसतं म्हणून पक्षी येऊन आपटतात, ते वेगळंच.

"मग खाडी दाखवायचीच नाही का, मॅडम?"

दाखवायची की. कोकणातल्या घराने पडवी काय उगीच काढली? मोठ्या कांदळवनापासून 50 मीटर मागे सरकावं लागतं, तिवरांवरून बघायचं तर हॉल वर उचलावा लागतो. खालून वारा जाऊ दे. वर पश्चिमेला रुंद पडवी आणि कौलांची वळचण इतकी खाली, की उभ्या माणसाने वाकावं, पण जमिनीवर बसलेल्या सहावीतल्या पोराला चिखल आणि त्यावरचे पक्षी नेमके दिसावेत. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे असतात. पावसाळ्यात ते नाहीत, सहलीही फारशा नाहीत. तेव्हा पडवीला बांबूच्या ताट्या बांधून टाकायच्या, पाऊस सरला की सोडायच्या. इमारतीने वर्षभर एकाच अंगरख्यात राहावं हा हट्ट कशाला?

छतावरची हिरवळ मी खोडली. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 100 चौरस मीटर कौलांवरून, गळती-बाष्प धरूनही, दोन लाख लिटर पाणी मिळतं. ते टाकीत घ्यायचं सोडून स्लॅबवर माती आणि लॉन चढवायचं, खाऱ्या हवेत आधीच सळया गंजत असताना!

आणि हो, संडास. पन्नास पोरांची बस उतरली की पहिला प्रश्न फ्लेमिंगोचा नसतो. खाडीकाठी जमिनीतलं पाणी इतकं वर, की शोषखड्डा शोषणार काय? सगळं घाणपाणी बंद टाकीत प्रक्रिया करूनच सोडावं लागतं. तिच्या नकाशात यावर एक ओळही नव्हती.

पुढच्या वेळी तिने ताट्या सुट्या निघतील असं मॉडेल आणलं, वळचणही छान उतरवली होती. संडास मात्र नैऋत्येला ठेवलेत. ऐन पावसाळी वाऱ्याच्या तोंडावर, वास थेट हॉलमध्ये. परत पाठवलंय.