तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीला शिकारीला का नेतो

दर नोव्हेंबरला हा प्रश्न येतो. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत कुणीतरी फराळाची प्लेट हातात घेऊन विचारतं, नगरहून मावशी फोनवर विचारते: प्रार्थना केल्याशिवाय घास न घेणारी माणसं तुम्ही, आणि पोरीच्या हातात बंदूक देऊन हरणं कसली मारता? इथल्या चर्चमधली माणसं उलट्या बाजूनं येतात. बापानं लेकीला रानात नेऊन देव शिकवला हे त्यांना फार आवडतं. तरुणांच्या सभेत येऊन जरा सांगा म्हणतात. दोघांनाही मी आजवर अर्धीमुर्धी उत्तरं दिली. एकदा तर चक्क खोटं बोललो. ते मागे घ्यायचं आहे, म्हणून लिहितो.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात कसा आलो, बंदूक कुणी हातात दिली, हे तुम्हाला माहीत आहे. चर्चमधल्या ज्या म्हाताऱ्या गवळ्याच्या शेतावर आम्ही जातो, तेही तुम्ही ऐकलं आहे. आधी माझी बाजू मांडतो, कारण ती कुणी पूर्ण ऐकून घेत नाही. या राज्यात पंधरा लाखांहून जास्त हरणं आहेत. मका खातात, ओकची कोवळी रोपं वर येऊ देत नाहीत, रात्री गाड्यांसमोर येऊन मरतात. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. परवाना लागतो, भगव्याहून भडक नारिंगी (नाहीतर तसेच भडक गुलाबी) कपडे लागतात. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा वर्ग करावा लागतो. त्यामुळे मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी एकाच बाकावर बसून तो शिकलो. मावशी, आजोबा सशांना वाघर, म्हणजे जाळं, लावायचे हे तूच सांगायचीस. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि वाघर माळ्यावर गेली. आणि रविवारी उपासनेहून येताना खाटकाच्या दुकानापुढे आपण सगळेच रांगेत उभे राहायचो.

हे सगळं खरं आहे. पण यातून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, हेही मला कळतं. खाटकाकडे जाताना मी कधी मुलीला म्हणालो नाही, की चल, तुला देव दाखवतो. रानात नेताना मी अगदी तसंच म्हणालो होतो.

काय काय शिकवायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. मचाणावर चार तास गप्प बसायचं म्हणजे वाट बघायला शिकायचं. हात गारठले तरी कुरकुर करायची नाही. पहाटे काळोखात मी तिच्या कानात बायबलातलं बेचाळिसावं स्तोत्र म्हणायचो, हरिणी जशी पाण्यासाठी लुलपते तसा माझा जीव. तिला ‘लुलपते’ हा शब्द कळला नव्हता. घसा कोरडा पडून जीव नुसता पाण्याकडे ओढ घेतो ना, तसं, असं मी सांगितलं. आणि शेवटचा धडा होता बलिदानाचा. एक जीव जातो आणि दुसऱ्याचं पोट भरतं, यातून तिला येशूचा वधस्तंभ समजेल असं मला वाटत होतं.

ती बारा वर्षांची होती. पहिल्या शनिवारी, दुपारी चार वाजून गेल्यावर, साधारण ७० यार्डांवर एक मादी ओढ्याच्या बाजूनं वर आली. मुलीनं रायफल टेकवून धरली होती. मादीनं पाऊल उचललं. मुलगी कुजबुजली, “थांब, चालतेय ती.” मी म्हणालो, “मार, जाईल.”

हे दोन शब्द मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. सगळे विचारतात, पहिल्याच वेळी नेम चुकला का? चुकला नाही. तिनं थांबायचं ठरवलं होतं. घाई मी केली.

मादी पळाली नाही. पाठ कमानीसारखी वाकवून हळूहळू चालत झाडीत गेली. ते चालणं बघूनच मला कळलं. खाली उतरून पाहिलं तर गवतावर थोडे केस होते आणि हिरवट, घाण वासाचा ओलावा. गोळी पोटात लागली होती. म्हाताऱ्याला फोन केला. तो म्हणाला, आज मागे जाऊ नका. पोटात लागलेलं हरीण मागे कुणी नसेल तर जवळच बसतं. उठवलंत तर मैलभर जाईल, मग कुणालाच सापडणार नाही. थंडी आहे, सकाळी या.

मुलीला हे पटेना. “तिला दुखत असेल, आणि आपण सकाळपर्यंत झोपायचं?” मी तिला दंडाला धरून गाडीत बसवलं. म्हाताऱ्याच्या घरी स्वयंपाकघराच्या जमिनीवर आम्ही झोपायच्या पिशव्या टाकल्या. रात्री दोन वाजता तिनं विचारलं, “ती जिवंत असेल का अजून?” मी चिमणीचं वचन सांगितलं, की बापाच्या इच्छेवाचून एकही चिमणी जमिनीवर पडत नाही. देव तिच्याजवळ आहे. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग देव तिच्याजवळ बसून आपली वाट बघतोय का?” मी झोपलो असल्याचं सोंग केलं.

रविवारी उजाडल्यावर निघालो. इतर वेळी आम्ही त्या वेळेला चर्चसाठी कपडे करत असतो. रक्त जवळजवळ नव्हतंच. मादी सापडली ओढ्याच्या काठाला, लव्हाळ्यात, तोंड पाण्याकडे. आम्हाला पाहून तिनं मान उचलली. उठता आलं नाही. मी रायफल घेतली आणि मुलीला म्हणालो, डोळे मीट. तिनं मिटले नाहीत.

मग मी गुडघे टेकले. आतून जे आलं ते बोललो असं म्हणेन, पण खरं तर ते वाक्य मी आठवडाभर मनात घोळवलेलं होतं: “प्रभू, हिनं आमच्यासाठी जीव दिला, जसा तू…”

“दिला नाही, पप्पा.”

मी थांबलो.

“येशूनं स्वतः दिला. तूच शिकवलंस, कोणी घेत नाही, मी आपण होऊन देतो म्हणाला तो. हिनं नाही दिला. आपण घेतला. आणि हिला रात्रभर पाणीसुद्धा पिता आलं नाही.”

मी प्रार्थना तिथेच सोडली. आमेन कुणीच म्हटलं नाही. आम्ही दोघांनी मिळून तिचं पोट साफ केलं, नासलेला भाग कापून टाकला, ओढ्याच्या पाण्यानं धुतलं. मुलगी रडली नाही. तिचे हात व्यवस्थित चालत होते.

विस्कॉन्सिनच्या या भागातल्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग आहे. २००२ मध्ये तो या राज्यात पहिल्यांदा उघडकीला आला. माणसाला तो झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, पण रोगी हरणाचं मांस खाऊ नये असं सांगतात. म्हणून डोकं तपासणीला दिलं आणि मांस फ्रीझरमध्ये ठेवून थांबलो. निकाल आला: रोग आहे. १६ किलो मांस, मुलीनं स्वतः कागदात बांधून तारीख घातलेलं, आम्ही काळ्या पिशव्यांत भरून टाकून आलो.

फेब्रुवारीत आमच्या चर्चमध्ये शिकारीच्या मांसाचं जेवण असतं. जेवणानंतर कुणीतरी आपल्या श्रद्धेची साक्ष देतं. त्या वर्षी मला बोलावलं. मी स्तोत्र सांगितलं, पहाट सांगितली, बाप आणि लेक मचाणावर. पोटातली गोळी सांगितली नाही. ओढा सांगितला नाही. आणि म्हणालो, “तिच्या जिवावर आमचं घर हिवाळाभर जेवलं, आणि त्यातून माझ्या मुलीला प्रभूचं बलिदान समजलं.” लोकांचे डोळे भरून आले. मुलगी तिसऱ्या ओळीत बसली होती, ताटाकडे बघत. घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, “माझं नाव नको होतं घ्यायला.”

त्या भाषणातल्या माणसाशी मी तीन वर्षं भांडतो आहे. तो म्हणतो, दृष्टांत आहे रे, दृष्टांतात सगळं जुळायलाच हवं असं नाही. मी म्हणतो, दृष्टांत जुळावा म्हणून तू हरणाची रात्र गाळलीस. तो म्हणतो, जलप्रलयानंतर देवानंच माणसाला मांस खायची परवानगी दिली. हो, दिली. पण त्याच ठिकाणी हेही लिहिलं आहे की यापुढे प्रत्येक जनावराला तुमची भीती वाटेल. परवानगी आणि भीती शेजारी शेजारी. यावर त्याच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

मग अजून का नेतो? तीच येते म्हणून. पुढच्या वर्षी मी विचारलंच नव्हतं. ऑक्टोबरात तीच म्हणाली, नेमबाजीच्या मैदानावर चल. आता ती पंधराची आहे. त्यानंतर तिनं एकच हरीण मारलं, जागच्या जागी, आणि कितीतरी सोडली. मी आता ‘मार’ म्हणत नाही. बायबलातल्या लेवीयच्या सतराव्या अध्यायात तिला सापडलं की शिकार करणाऱ्यानं रक्त जमिनीवर ओतून मातीनं झाकावं. तो नियम आपल्याला लागू नाही असं मी सांगितलं. तरी ती बुटानं माती ओढते आणि झाकते. गोठलेल्या जमिनीत त्याला वेळ लागतो. मी बंदूक घेऊन शेजारी उभा राहतो.

ताटावर प्रार्थना तीच म्हणते. “आम्ही हे घेतलं. आम्हाला क्षमा कर आणि हे आशीर्वादित कर.” क्षमा कशाची, यावर आमचा वाद आहे. देवानं मोकळीक दिलेल्या गोष्टीची क्षमा मागायची तर मोकळीक कसली, असं मी म्हणतो. ती म्हणते, मागून बघायला काय हरकत आहे. तिची आई म्हणते, जेवण गार होतंय.

चर्चच्या जेवणासाठी यंदा पुन्हा बोलावणं आलं आहे. तीच गोष्ट सांगा, नव्या लोकांनी ऐकलेली नाही, असं त्यात लिहिलं आहे. पत्र मी फ्रिजवर चुंबकाखाली लावलं. मुलीनं वाचलं आणि विचारलं, “पिशव्यांचं सांगशील?”

मी म्हणालो, बघतो.

“मग मी येते,” ती म्हणाली. “पहिल्या ओळीत बसेन.”