पुरुष पाच, स्त्रिया दोन

नाटकाचं पुस्तक हातात आलं की वाचक पात्रांची यादी ओलांडून सरळ पहिल्या प्रवेशाकडं जातो. हौशी संस्थेतला माणूस त्या यादीवरच थांबतो आणि बोटं मोजायला लागतो. पुरुष पाच, स्त्रिया दोन. स्थळ : दिवाणखाना. झालं, त्याचं निम्मं नाटक वाचून झालं. दिवाणखाना म्हणजे सेट एकच, सोफा कुणाच्या तरी घरून येईल, मागच्या वर्षीचे फ्लॅट, म्हणजे भिंती म्हणून उभ्या करायच्या चौकटी, रंगवून घेता येतील. राहता राहिले पाच पुरुष. ते कुठून आणायचे? लेखकाला काय म्हणायचंय वगैरे गोष्टी त्याच्यानंतर.

आमची संस्था सांगलीतली, त्यामुळं नाटकाबद्दल जरा जपूनच बोलावं लागतं. भाजी घेताना शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनाही ‘तुमचा दुसरा अंक पडला हो’ असं सांगायचा हक्क इथं आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथं, खाडिलकर इथले, देवल पलीकडं हरिपूरचे. पाच नोव्हेंबरला, म्हणजे रंगभूमी दिनाला, भाव्यांच्या नावाचं गौरवपदक घ्यायला मोठमोठे नट या गावात येतात. भाव्यांची एक गोष्ट मात्र मला नेहमी सोपी वाटत आलीय. त्यांना नाटक करायला सांगणारे होते खुद्द संस्थानचे अधिपती, चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन. राजाचाच शब्द असल्यावर पात्रं निवडायच्या वाचनाला कोण येत नाही? आमच्याकडं व्हॉट्सॲपवर निरोप जातो, त्यावर पंधरा-वीस अंगठे उमटतात आणि त्यातली चार माणसं येतात. ती सोडून आणखी दहा-बारा येतात, ज्यांनी निरोप वाचलेलाच नसतो, कुणाकडून तरी कळलेलं असतं.

गणपती उरकले की राज्य नाट्य स्पर्धेचे वेध लागतात. अर्ज, लेखकाचं परवानगीपत्र, संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र अशी कागदपत्रं गोळा करत असतानाच एका रविवारी सकाळी शाळेच्या वर्गात वाचन ठेवलं जातं. तरुण मंडळी त्याला ऑडिशन म्हणतात. बाकं चौथीच्या मुलांच्या मापाची, त्यामुळं आलेले सगळे गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेले. फळ्यावर शुक्रवारचा सुविचार तसाच. टेबलावर संहितेच्या एका प्रवेशाच्या झेरॉक्स, आणि टेबलामागं आमचे दिग्दर्शक. वय सत्तरीच्या पुढं, गाव त्यांना अण्णा म्हणतं. पूर्वी ते एसटीत होते. पात्र उशिरा आलं की अजूनही घड्याळाकडं बघून ‘गाडी सुटली’ असं म्हणतात.

आलेल्या प्रत्येकाकडून एक कागद भरून घेतात. नाव, फोन, नोकरी-धंदा, पूर्वीचा अनुभव, वाद्य येतं का, गाणं येतं का. हे सगळं शोभेचं. अण्णा वाचतात ती फक्त शेवटची ओळ : संध्याकाळी साडेसात ते दहा रोज येता येईल का? खरी परीक्षा तिथं असते. आवाज, चेहरा, शब्दोच्चार हे तालमीत कमावता येतं. पण जो तालमीलाच नाही त्याचं काय करणार? आणि ही ओळ भरताना भलीभली माणसं चाचरतात. एक जण लिहितो, ‘मंगळवार सोडून’. दुसरा ‘शक्यतो हो’. या ‘शक्यतो’ला अण्णा फार घाबरतात.

वेळापत्रकही असं की जणू मुद्दाम कुणी तरी आखलंय. प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येते. त्याच्या आधी दिवाळी. दिवाळीत तालीम ठेवावी तर घरातली माणसं अण्णांच्या नावानं बोटं मोडणार. दिवाळी संपली की तुळशीची लग्नं, आणि ती लागली की माणसांची सुरू. प्रत्येक नटाला नेमक्या त्याच महिन्यात एक सख्खा मेव्हणा निघतो. शिवाय आमच्या भागात ऊस आहे. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की तिथल्या केमिस्टपासून काट्यावरच्या कारकुनापर्यंत सगळे पाळीत अडकतात. एका वर्षी आमचा खलनायक काट्यावर होता. दिवसपाळी असली तर यायचा, रात्रपाळीच्या आठवड्यात त्याची वाक्यं प्रॉम्प्टर म्हणायचा. प्रॉम्प्टरचा आवाज मऊ, त्यामुळं नायिका धमक्या ऐकून हसायची. शेवटी प्रयोगाला खरा खलनायक उभा राहिला तेव्हा ती खरोखरच दचकली, आणि परीक्षकांनी तिच्या ‘उत्स्फूर्त प्रतिक्रियेचं’ कौतुक केलं.

डॉक्टर मंडळींचा प्रश्न तर निराळाच. मराठी रंगभूमीला डॉक्टरांचं वेड पहिल्यापासून आहे. लागू कान-नाक-घशाचे, घाणेकर दातांचे, आगाशे मनाचे, जब्बार पटेल लहान मुलांचे. त्यामुळं वाचनाला एखादा डॉक्टर आला की जुन्या मंडळींचे डोळे चमकतात. मग दुसऱ्या अंकाच्या ऐन तोंडावर त्याचा फोन वाजतो आणि चमक उतरते.

मला वाचनात सगळ्यात मजा येते ती लोकांनी स्वतःहून तयार करून आणलेल्या उताऱ्यांची. अण्णा आधी तेच ऐकतात, म्हणजे माणूस मोकळा होतो. दर वर्षी एक तरी अप्पासाहेब बेलवलकर येतो. तो बहुधा एकोणीस-वीस वर्षांचा, बारीक, इंजिनिअरिंगला असलेला पोरगा असतो. तो खांदे पाडतो, आवाज फाटेल इतका खाली नेतो आणि ‘नटसम्राट’मधलं ते प्रसिद्ध स्वगत सुरू करतो. डॉ. लागूंनी ही भूमिका 1970 साली पहिल्यांदा केली. ती त्या पोरानं पाहिली असण्याचा प्रश्नच नाही, त्याच्या वडिलांनीही बहुधा नाही. तरी ते पॉज, तो श्वास, सगळं कुठून तरी त्याच्यापर्यंत आलेलं असतं. अण्णा शेवटपर्यंत ऐकतात, मध्येच थांबवत नाहीत. मग म्हणतात, ‘छान. आता मला सांग, आज सकाळी घरातनं निघताना आईला काय सांगून आलास?’ पोरगं गोंधळतं आणि सांगतं. त्याचा खरा आवाज तेव्हा ऐकू येतो, आणि अण्णा कागदावर काही तरी खूण करतात.

यंदाच्या वाचनातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. प्रवेश साधाच होता. घरात मृत्यू झालाय, दहावा-बारावा उरकलाय, पाहुणे गेलेत आणि थोरली सून धाकटीला सांगते, ‘दूध संपलंय.’ झेरॉक्सवर त्या वाक्यापुढं काही सूचना नव्हती. आलेल्या बायका एकामागून एक उठून वाचत होत्या. एकीनं ‘दूध’वर हुंदका दिला. एकीनं ‘संपलंय’ इतकं लांबवलं की अण्णांनी चष्मा काढून पुसला. तेवढ्यात पोस्टात काउंटरवर बसणाऱ्या एक बाई, ज्या खरं तर मुलीला घेऊन आल्या होत्या, मागच्या बाकावर पर्समध्ये काही तरी शोधत होत्या. अण्णा म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही पण वाचा की.’ ‘मी कुठं अण्णा, मी हिला सोडायला आलीय.’ ‘आलाच आहात तर वाचा. पोरीला पण बरं वाटंल.’ त्या उठल्या. चष्मा घरी राहिला होता म्हणून मुलीनं कागद लांब धरला. काउंटरवरून ‘सुट्टे नाहीत’ सांगावं तशा त्या म्हणाल्या, ‘दूध संपलंय.’ वर्गात एकदम कुणी बोलेना. पुढचं वाक्य धाकटीचं, ती वाचायचीच विसरली. बाईंना वाटलं आपलं काही तरी चुकलं. त्या ‘परत वाचू का?’ म्हणून विचारू लागल्या.

त्या आता थोरली सून आहेत. मुलीला काम नाही, पण ती पार्श्वसंगीताच्या लॅपटॉपवर बसते आणि आईची पाठांतरं घेते. आईचं एक वाक्य इकडचं तिकडं झालं की परीक्षेत आपला एक मार्क कापल्यासारखी ओरडते.

बायकांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, हे चित्र पार फिरलंय. एके काळी बाईचं काम पुरुषच करत आणि लोक त्या पुरुषांवर जीव टाकत. 1933 साली नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, त्याला लवकरच शंभर वर्षं होतील. पण छोट्या गावांत त्यानंतरही कितीतरी वर्षं बाई मिळत नसे. म्हणून ‘स्त्रीपात्रविरहित’ एकांकिकांची पुस्तकंच्या पुस्तकं निघत. घरातल्या बायका कायम माहेरी गेलेल्या, आई पडद्याआडून फक्त खोकणार, अशी ती नाटकं. आमच्या संस्थेच्या कपाटात त्यातली थोडी अजून आहेत. आता त्यांचा उपयोग शून्य, कारण वाचनाला बायका दुपटीनं येतात आणि पुरुष शोधून आणावे लागतात. पुरुष कुठं गेले हे मला कळलेलं नाही. मित्रांना विचारलं तर ‘वेळ नाही रे’ म्हणतात, आणि ते सांगताना अर्धा तास चहाच्या टपरीवर उभे असतात. परवा अण्णांनी एका नाटकातला वकील सरळ वकीलबाई करून टाकला. लेखकाला फोन केला, तो म्हणाला, ‘करा की, तशी ती जास्त डांबरट वाटेल.’

आता ज्यांना भूमिका मिळत नाही त्यांचं काय? इथंच हौशी संस्थेची खरी कसोटी लागते. व्यावसायिक नाटकात ‘कळवतो’ म्हणून मोकळं होता येतं. आमच्याकडं ज्याला नाही म्हणायचं तो उद्या बँकेत समोर बसणार, परवा त्याच्याच दुकानातून वायर आणायची. त्यामुळं अण्णांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द मी ऐकलेला नाही. ते म्हणतात, ‘तुझी नजर चांगली आहे, तू प्रकाशयोजना बघ.’ ‘तुमचा हात स्थिर आहे, रंगभूषेला बसा.’ यात नुसतं समाधान करणं नसतं. राज्य स्पर्धेत नेपथ्याला, प्रकाशाला, रंगभूषेला वेगळी बक्षिसं असतात. नट म्हणून घेतला नाही तो पोरगा डिमरवर बसून बक्षीस घेऊन आला, असं आमच्याकडं झालेलं आहे. तो आता इतरांच्या नाटकांनाही प्रकाश देतो आणि नटांकडं जराशा कीव आल्यासारखं बघतो.

माणसं जास्त असणं ही हौशी रंगभूमीची अडचण आहे असं मला वाटत नाही, ती तिची श्रीमंती आहे. व्यावसायिक निर्मात्याला प्रत्येक पात्राची नाईट, म्हणजे प्रयोगागणिक मानधन, द्यावी लागते. दौऱ्याची बस, जेवणं, लॉज, सगळं डोक्याप्रमाणं वाढतं. म्हणून तिथं नाटकं चार-पाच माणसांत आटोपतात, आणि दिवाणखान्यातल्या त्या सोफ्यावर तीच चार-पाच माणसं उठत-बसत राहतात. आमच्याकडं नाईटच नाही, त्यामुळं चार काय आणि चाळीस काय. ‘घाशीराम कोतवाल’ आठवून बघा. 16 डिसेंबर 1972, पुण्याचं भरत नाट्य मंदिर, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही हौशी संस्था. रंगमंचावर ब्राह्मणांची रांग उभी. ती रांगच पडदा, तीच भिंत, तीच गर्दी, तीच डोलणारी आणि कुजबुजणारी. रोजच्या तालमीला येणारी एवढी पोरं पदरमोड करून उभी राहिली नसती तर ती भिंत कुणाला परवडली असती? पुढं त्याच मंडळींनी थिएटर अकॅडमी काढली आणि ते नाटक परदेशात नेलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र त्या रांगेतल्या मधल्या माणसाबद्दल कायम कुतूहल वाटतं. त्याला वाचनाच्या दिवशी काय सांगितलं असेल? ‘तू भिंत’?

स्पर्धेचं नाटक डिसेंबरात होईल. नंबर आला तर अंतिम फेरी, नाही आला तर परीक्षकांना काही कळत नाही. त्यानंतर जानेवारीत एक विनोदी दोन अंकी करायचं घाटतंय. ते ठरलंय केवळ एका कारणानं : त्यात स्त्रिया सहा आणि पुरुष दोन, त्यातलाही एक शेवटच्या पाच मिनिटांत येतो. तो मेव्हण्याच्या लग्नाहून थेट आला तरी चालेल.

आणि बालनाट्याचं वाचन तर परवाच झालं. त्याची स्पर्धा निराळी, तिची गडबडही निराळी. निरोपात ‘आठ ते चौदा वर्षं’ एवढंच लिहिलं होतं. वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. मुलं धिटाईनं वाचत होती. घाम आयांना फुटला होता. एक आई दारातून ओठांनी वाक्यं सांगत होती. एक आजोबा नातवाचं शाळेतल्या गॅदरिंगचं प्रशस्तिपत्र लॅमिनेट करून घेऊन आले होते. नाटकात राजा, राणी, वाघ, लाकूडतोड्या आणि दोन चोर, एवढीच माणसं. म्हणजे सहा. अण्णांनी सगळ्यांचं वाचन ऐकलं, एकालाही मध्ये तोडलं नाही. दीड वाजता शेवटचं पोरगं खाली बसलं तेव्हा त्यांनी कागदांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि लेखकाला फोन लावला.

‘नमस्कार. नाटक सुरेख आहे हो तुमचं. एकच विचारायचं होतं, ते जंगल आहे ना, ते थोडं दाट केलं तर चालेल का?’