गाडी मंडईत, अण्णा घरी

गेल्या वर्षी जानेवारीत अण्णा मंडईतून चालत घरी आले. हातात मेथीच्या दोन जुड्या, पिशवीत वांगी. तासाभरानं आईनं विचारलं, "गाडी कुठं लावली?" अण्णा अंगणात गेले, रिकामी जागा बघून आले आणि म्हणाले, "चोरली कुणीतरी." पुण्याला भावाला फोन, दोन गल्ल्या पलीकडे मला फोन, पोलिसात जायची तयारी. मी वाटेत मंडईच्या कोपऱ्यावर डोकावले, तर स्कूटर तिथंच उभी. चावीसुद्धा लावलेली.

खुणा त्याआधीही होत्या, आम्ही त्या मनावर घेतल्या नव्हत्या. एकच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा. पतसंस्थेचं पासबुक फ्रिजवर ठेवून घरभर शोधाशोध. संध्याकाळचा हरिपाठ त्यांनी वर्षभरापूर्वीच सोडला होता, "नुसता गोंगाट असतो" म्हणून. आणि आईची एक कला आम्हाला फार उशिरा कळली. अण्णांचं वाक्य अडलं की ती ते पुरं करायची, इतक्या सफाईनं की ते अडलं होतं हेच कुणाला कळू नये.

नेहमीचे डॉक्टर म्हणाले, त्र्याहत्तरी आहे, चालायचंच. टॉनिकची बाटली दिली. मला ते काही पटेना. समोरच्या आजी ८१ वर्षांच्या, दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब तोंडी करतात. मग पुण्यातल्या एका न्यूरॉलॉजिस्टची, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, ती तीन आठवड्यांनंतरची मिळाली. फोनवरच्या मुलीनं एवढंच बजावलं, "पेशंट घेतात त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. चिठ्ठ्या नकोत, पाकिटं आणा."

त्या पिशवीनंच निम्मं काम केलं. मधुमेहाची मेटफॉर्मिन अकरा वर्षं चालू. ॲसिडिटीची पँटोप्राझोल रिटायर झाल्यावर पोट बिघडलं तेव्हा पंधरा दिवसांसाठी दिलेली, ती पंधरा वर्षं चालू. आणि सर्दीच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप. सर्दी कुणाला होती? पण ती घेतली की झोप छान लागते, म्हणून रोज रात्री एक. मेडिकलमध्ये मागितली की मिळते.

डॉक्टरबाईंनी सर्दीची स्ट्रिप बाजूला सरकवली. "ही आजपासून बंद. यात क्लोरफेनिरामिन आहे. मेंदूत आठवण तयार व्हायला ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन लागतं, हे औषध त्याच्याच आड येतं. तरुणाला नुसती गुंगी येते, म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ उडतो." उरलेल्या दोन गोळ्यांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "घरात मांस-मासे-अंडी?" आम्ही माळकरी. "दूध?" चहापुरतं. त्यांनी मान हलवली. मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी, दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्या की व्हिटॅमिन बी-१२ नीट अंगी लागत नाही. इथं तर मुळात ताटातच ते नव्हतं.

मग चाचणी. आई शेजारी बसून उत्तरं पुरवायला लागली तेव्हा तिला बाहेर बसवलं. मी मागं गप्प. ११ वाजून १० मिनिटांचं घड्याळ काढा. १०० मधून ७ वजा करत जा. पाच शब्द ऐका, नंतर विचारीन. घड्याळ त्यांनी सुरेख काढलं. जन्म वर्कशॉपमध्ये गेलेला माणूस, वर्तुळ हातचं गोल येतं. शब्दांना मात्र अडले. पाचपैकी दोन सांगितले, आणि त्यातला एक डॉक्टरबाईंनी उच्चारलेलाच नव्हता, त्याच्याशी जुळणारा भलताच होता. बाई थांबल्या. तोंडापुढे वही धरून हळूच म्हणाल्या, "अण्णा, चहा घेणार?" अण्णा समोर बघत राहिले.

३४ वर्षं डिझेल इंजिनांच्या आवाजात काम केलेल्या माणसाला कमी ऐकू येतं, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. टीव्ही मोठा लावतात म्हणून आम्ही चिडायचो. पण विसरणं आणि न ऐकणं या दोन गोष्टी आम्ही कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. शब्द कानात शिरलाच नाही, तर डोक्यात राहणार कुठून? हरिपाठ का सुटला, तेही मला त्या खुर्चीत बसून कळलं.

३० पैकी १९ गुण. २६ च्या खाली आलं की पुढं बघायचं, असा अंदाज असतो. बाई म्हणाल्या, "हा आकडा मी आज मोजत नाही. आधी खालचं दुरुस्त करू."

पुढचे दोन महिने त्या खालच्यातच गेले. रक्त, थायरॉइड, एमआरआय, कान, डोळे. यातल्या रांगा आणि पार्किंग सांगत बसत नाही, ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. बी-१२ आलं १३२. लॅबच्या कागदावर नॉर्मलची सुरुवातच २०० च्या आसपास होत होती. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.४ टक्के, म्हणजे चढीच. बीपी १६४/९२, आणि त्याची, पिशवीत न आलेली गोळी अण्णा "डोकं दुखलं तर" घेत होते. एमआरआयमध्ये बारीक रक्तवाहिन्यांच्या भागात पांढरे ठिपके, आणि एक जुनी, छोटीशी जखम. केव्हातरी येऊन गेलेला झटका, ना त्यांना कळला ना आम्हाला.

डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडावर धरली. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण बसल्या जागी शरीराची वीस टक्के ऊर्जा तो खातो. ती पोचवायला केसाहून बारीक वाहिन्या. त्यांच्यावर वीस-पंचवीस वर्षं जादा दाब राहिला की त्या ताठर होतात, काही बुजतात. "हा फोटो आजचा दिसतो," त्या म्हणाल्या, "पण बिघाड पन्नाशीत सुरू झालेला आहे." आणि मग माझ्याकडं वळून, "तुमचं वय काय?"

४७.

"बीपी शेवटचं कधी बघितलं?"

मुलीच्या वेळी नवव्या महिन्यात वाढलं होतं, बाळंतपणानंतर उतरलं. त्यालाही एकोणीस वर्षं झाली. गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढतं त्यांना पुढं ते परत गाठण्याची शक्यता जास्त असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पट्टा बांधला. १४८/९४. जिना चढून आलेय, काळजीत आहे, अशी सगळी कारणं मी देऊन बघितली. मग आठवडाभर घरी मोजलं. पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, आधी अर्धा तास चहा नाही. सात दिवसांत एकदाही १४० च्या खाली नाही. अण्णांना दाखवायला गेले आणि माझ्या पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट आलं.

तोवर मी रात्री वाचायला लागले होते. डिमेन्शियावर, म्हणजे विस्मरण वाढत जाऊन रोजचे व्यवहार अडतात त्या आजारावर, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२४ चा अहवाल आहे. टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणं त्यात दिली आहेत. अपुरं शिक्षण, कमी ऐकू येणं, बीपी, मधुमेह, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, डोक्याला मार, तंबाखूचा धूर, दारू, वजन, बसून राहणं, नैराश्य, एकटेपणा, हवेचं प्रदूषण, नजर अधू होऊन उपचार न होणं. ही चौदाही जगातून गेली असती, तर ४५ टक्के केसेस टळल्या किंवा लांबल्या असत्या, असा हिशेब. टक्केवारी अख्ख्या लोकसंख्येची आहे, एकट्या अण्णांची नाही, हे मी भावाला तीनदा समजावलं. तरी कॅलेंडरच्या मागं यादी लिहिलीच. अण्णांच्या नावापुढं सात खुणा. माझ्या, चार.

कानाचं यंत्र हे सगळ्यात अवघड प्रकरण. तपासणीत दोन्ही कानांना ५५ ते ६० डेसिबलचा तोटा. यंत्रं वीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत, आणि विकणारा दर वेळी महागाकडंच बोट दाखवणार. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत उत्पन्नात बसणाऱ्या ६५ वर्षांपुढच्यांना एकदा ३,००० रुपये मिळतात; या किमतींपुढं ते चणेफुटाणे. भावानं आणि मी अर्धे-अर्धे घातले. चौथ्या दिवशी यंत्र अण्णांच्या कपाटात, मोज्यांच्या खाली. "भांडं पडलं तर कानात खिळा ठोकल्यासारखं होतंय," म्हणाले. खरंच होतं ते. इतकी वर्षं न आलेले आवाज एकदम आले की मेंदू बिचकतो. कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टनं वेळापत्रक दिलं: पहिला आठवडा दोन तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना. मग हळूहळू स्वयंपाकघर, मग रस्ता. दोनदा जाऊन आवाज जुळवून घेतला. अडीच महिने लागले. यंत्र नीट जुळवून न घेता "उपयोग नाही" म्हणणारे निम्मे लोक इथंच सुटतात, असं माझं मत झालंय.

यंत्रानं विस्मरण थांबतं, हे भावाला व्हॉट्सॲपवर आलं होतं. अमेरिकेतला २०२३ चा अभ्यास मी शोधून वाचला. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर तीन वर्षांत फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्या गटात स्मरण आणि विचारशक्तीची घसरण ४८ टक्के कमी झाली. अण्णा बसतात त्या दुसऱ्या गटात. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

बी-१२ ची इंजेक्शनं आधी दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला. बीपीच्या गोळ्या रोज, डोकं दुखो न दुखो. भांडण झालं ते मिठावरून. आमच्याकडं ताट वाढताना पहिलं मीठ वाढतात. ते बंद केलं तर अण्णा म्हणाले, "हे काय श्राद्धाचं ताट आहे का?"  दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, एवढंच हवं. आमचा ठेचा, लोणचं आणि पापड मिळूनच ते दुपारपर्यंत संपत होतं. आता लोणचं फक्त रविवारी.

डॉक्टरबाईंनी जाता जाता म्हटलं होतं, घरातल्या सगळ्यांचं बी-१२ बघा. माझ्या लेकीचं आलं १४८. एकोणीस वर्षांची, दिवसभर थकलेली. आम्ही मोबाइलला शिव्या देत होतो. मग डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या कामाबद्दल वाचलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि मग त्यांच्या मुलांचा माग ठेवलाय. दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी होतं. ज्यांचं फारच कमी होतं, त्यांची मुलं नवव्या वर्षी लक्ष टिकवण्याच्या आणि आकडे उलटे म्हणण्याच्या चाचणीत थोडी मागं पडली. म्हणजे अण्णांचा जो हिशेब मी ७३ व्या वर्षी मांडत होते, तो कुणाकुणाचा जन्माआधीच सुरू होतो. लेक आता गोळी घेते. ताक पिते, तोंड वाकडं करून.

मी आठवड्यातून चार दिवस अजिंक्यताऱ्यावर, साताऱ्याच्या किल्ल्यावर जाते. पहिल्या वळणावर धाप लागायची, आता दरवाजापर्यंत बोलत जाता येतं. अण्णा कॉलनीला चार फेऱ्या मारतात, काठी हातात धरून, टेकत मात्र नाहीत.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा चाचणी झाली. २४. पाचपैकी तीन शब्द आठवले. "सौम्य दोष आहे, डिमेन्शिया म्हणत नाही, दर सहा महिन्यांनी बघू," असं बाई म्हणाल्या. एमआरआयमधली जखम भरणारी नाही. तारीख ते अजून चुकतात, नातवंडांची नावं अदलाबदल करतात. पण हरिपाठाला परत जातात आणि आल्यावर पेटीवाल्याचा सूर लागत नाही म्हणून तक्रार करतात.

स्कूटरची चावी माझ्या कपाटात आहे. ते रोज मागतात, मी रोज "बघू" म्हणते. परवा म्हणाले, "कालपण हेच म्हणालीस. परवा पण."