‘बोनान्झा’मधला ‘द विश’

‘बोनान्झा’ या कार्टराइट बाप-लेकांवरच्या जुन्या अमेरिकन वेस्टर्न मालिकेत वंशभेदावरचा भाग कोणता, असं विचारलं की १९६४चा ‘एंटर थॉमस बोअर्स’ हमखास पुढे येतो. त्यात विल्यम मार्शलने रंगवलेल्या कृष्णवर्णीय ऑपेरा गायकाला गाव पळालेला गुलाम समजतं. भाग चांगलाच, पण चूक कोणाची, हे लगेच कळतं.

मार्च १९६९चा ‘द विश’ जास्त अवघड. लेखन-दिग्दर्शन मायकल लँडनचं, म्हणजे धाकटा भाऊ लिटल जो रंगवणाऱ्या खुद्द नटाचं! सुट्टीवर निघालेला मधला भाऊ हॉस (अभिनेता डॅन ब्लॉकर) दुष्काळाने टेकीला आलेल्या कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबाला हात द्यायला जातो. बाप सॅम डेव्हिस (अभिनेता ऑसी डेव्हिस) मात्र त्याला जवळ करायला तयार नसतो. हॉसच्या मनात काळंबेरं नाही, गोम तिथेच आहे. पोरांदेखत गोऱ्या माणसाचे उपकार घेतले तर बापाची घरातली पत काय राहणार? डॅन ब्लॉकरचा भाबडेपणा एरवी हशा पिकवतो, इथे तोच आड येतो.

भाग दहाव्या सीझनमध्ये सापडेल. कथा स्वतंत्र आहे, आधीचं काही पाहिलेलं नसलं तरी चालतं. फक्त थोरल्या भावाला, अ‍ॅडमला शोधू नका; ती भूमिका करणाऱ्या पर्नेल रॉबर्ट्सने १९६५मध्येच मालिका सोडली होती.