दोन लॉटची लेबलं आणि एक मेल

ऐन हंगामात आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या कारखान्यात, दोन लॉटची लेबलं उलटी लागली. एक लॉट शंभर गाठींचा, गाठ साधारण १७० किलोची. २८.५ मिमी लांबीच्या तंतूच्या रुईवर ३० मिमीचं लेबल आणि ३० च्या गाठींवर २८.५ चं. माल गोदामातच होता, पण पॅकिंग लिस्ट बांगलादेशातल्या सूतगिरणीला जाऊन पोचली होती. दुरुस्तीचा मेल त्याच दिवशी जायला हवा होता.

ऑफिसातल्या पोरानं मसुदा आणला. पहिल्याच ओळीत ‘स्नाफू’. "चालते ना जी?"

नाही चालत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या तोंडी रुळलेला हा शब्द. ‘सिच्युएशन नॉर्मल, ऑल फाउल्ड अप’ची आद्याक्षरं, आणि ‘फाउल्ड’च्या जागी मुळात शिवी. नेहमीप्रमाणे सगळं बिघडलेलंच, असा त्याचा रोख. म्हणजे आमच्याकडे रोजच घोळ असतो, हे पार्टीला आपणच लिहून द्यायचं!

मग त्यानं ‘ग्लिच’ सुचवला. ग्लिच म्हणजे यंत्रात किंवा सॉफ्टवेअरमध्ये मध्येच आलेला छोटा बिघाड. लेबलं माणसानं लावली होती. तिथं ग्लिच लिहिलं की अंग काढून घेतल्यासारखं वाटतं. ‘टायपो’ फक्त टंकनातल्या चुकीला. ‘गूफ-अप’ दोस्तीतला. ‘स्क्रू-अप’ आणि ब्रिटिशांचा ‘कॉक-अप’ बोलण्यात खपतात, धंद्याच्या मेलमध्ये उद्धट दिसतात. ‘ब्लंडर’ आपल्याकडे कुठंही वापरतात, पण त्यात बेपर्वाई आणि मोठं नुकसान दोन्ही येतं. बुद्धिबळात अशा खेळीपुढे दोन प्रश्नचिन्हं पडतात. पार्टीला वाटलं असतं, अख्खा मालच गेला.

इथं नेमका बसतो ‘मिक्स-अप’: दोन गोष्टींची अदलाबदल. नाम असेल तर मधे जोडरेघ. क्रियापद ‘मिक्स्ड अप’ लिहिताना रेघ नाही. साधा शब्द आहे, पण काय झालं ते एका दमात सांगतो.

मेल असा गेला: ‘वी रिग्रेट अ मिक्स-अप इन द लेबल्स ऑफ टू लॉट्स.’ त्याखाली दोन्ही लॉट नंबर, गाठींचे प्रेस नंबर (गाठ दाबताना तिला दिलेला क्रमांक), तंतूची खरी लांबी, सोबत सुधारित पॅकिंग लिस्ट. माफी एकाच वाक्यात; बाकी सगळी जागा आकड्यांना. तिकडे गोदामात हमालांनी प्रेस रजिस्टर समोर धरून एकेका गाठीचं लेबल बदललं.

पार्टीनं उत्तरात एकच मागितलं: दोन्ही लॉटचे एचव्हीआय रिपोर्ट, म्हणजे तंतूची लांबी-मजबुती यंत्रावर मोजलेले अहवाल, पुन्हा पाठवा.