ऑलिव्हचं झाड

ऑगस्ट २०२५मध्ये पॅरिसला लागून असलेल्या एपिने-सुर-सेनमधलं एक ऑलिव्हचं झाड रात्रीत कुणीतरी कापलं. एवढुशी बातमी, मी स्क्रोल करून पुढे गेलोच असतो पण खाली इलान हलिमीचं नाव दिसलं. त्याच्याच आठवणीत २०११ला लावलेलं झाड. २०१९मध्ये दुसऱ्या गावातली त्याची झाडंही अशीच तोडली होती. माणूस मारून झाला, तरी झाडावर राग आहेच!

इलान २३ वर्षांचा, मोबाईलच्या दुकानात सेल्समन. जानेवारी २००६मध्ये एका टोळीने पोरीच्या नादी लावून त्याला पळवला, तीन आठवडे कोंडून नको ते हाल केले आणि शेवटी रेल्वे रुळांजवळ टाकून दिला, हॉस्पिटलला नेता नेता गेला. खंडणी मागितली साडेचार लाख युरो. आता सेल्समनच्या घरी एवढा पैसा कुठून असणार? पण टोळीचं गणित सरळ होतं, ज्यू आहे ना मग पैसा असणारच, घरी नसेल तर सगळे ज्यू मिळून गोळा करतील.

हे गणित खूप जुनंय. मध्ययुगात चर्चने ख्रिश्चनांना व्याज घ्यायला बंदी केली, ज्यूंना बऱ्याच ठिकाणी ना जमीन घेता यायची ना कारागिरांच्या संघात शिरता यायचं, मग काही जण सावकारीत गेले आणि शिक्का मात्र सगळ्यांवर बसला. आपल्याकडे १८७५ला सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रं जाळली, पण तिथे निदान खरं कर्ज तरी होतं हो. इलानने कुणाला पाच पैसे उधार दिले नव्हते.

गंमत म्हणजे (गंमत कसली) द्वेष करणाऱ्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) २०१८ला ११ जणांना मारणाऱ्या गोऱ्या माणसाचा राग हा की ज्यू संस्था निर्वासितांना मदत करते, म्हणजे बाहेरच्यांना हेच घुसवतायत. फ्रान्समधल्या तुलूझच्या ज्यू शाळेत २०१२ला तीन मुलं आणि एका शिक्षकाला मारणारा जिहादी, त्याला पॅलेस्टाईनचा बदला घ्यायचा होता. आणि कॉलेजातले काही डावे ज्यू दिसला की वसाहतवादी म्हणून मोकळे. एकाला हे पुरेसे गोरे वाटत नाहीत, दुसऱ्याला जरा जास्तच गोरे वाटतात, पण पडद्यामागून सूत्रं हेच हलवतात यावर मात्र बऱ्याच जणांचं एकमत.

गाझाचा संबंध नाही असं कोण म्हणेल. फ्रान्समध्ये २०२२ला ज्यूविरोधी घटनांची नोंद ४३६ होती, २०२३ला १६७६, आणि त्यातल्या बहुतेक ७ ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्यानंतरच्या. मोबाईलवर रोज मेलेली पोरं बघून डोकं फिरतं, माझंही फिरतं, नेतन्याहूला हव्या तेवढ्या शिव्या घाला, मोर्चे काढा, त्याला ज्यूद्वेष म्हणणारे मला पटत नाहीत. पण पॅरिसमध्ये काही ज्यूंनी लेटरबॉक्सवरची आडनावं बदलली, दाराच्या चौकटीवरची मेझुझा (धर्मग्रंथातल्या ओळी ठेवलेली छोटी डबी) काढून आत ठेवली. तीच मेझुझा हो, जी आमच्या अलिबागकडे शनिवार तेल्यांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, दाराला असते आणि जिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

आणि झाड कोणतं तोडलं तर ऑलिव्हचं. वेस्ट बँकमध्ये वसाहती करून राहणारे काही इस्रायली सेटलर पॅलेस्टिनींची नेमकी हीच झाडं तोडतात.